भुलीआधी लिव्हरबद्दल भूलतज्ज्ञांना काय सांगावं

सदाशिव पेठेतल्या आमच्या आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तपासणीत भूलतज्ज्ञांनी विचारलं, "आधी पूर्ण भूल घेतलीय?" "हो, पिशवीच्या ऑपरेशनला." "नंतर काही त्रास?" "छे! आठवड्याने कावीळ झाली तेवढी. ती पाण्याची हो!" बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

तेव्हा पहिलं काम, जुन्या भुलीची नोंद शोधा. डिस्चार्ज कार्डावर बहुधा औषधाचं नाव नसतं; भुलीचा वेगळा कागद असतो, तो मागा. हॅलोथेन हे हुंगायचं औषध १९५६ पासून वापरात आलं. त्यातलं सुमारे २० टक्के लिव्हरमध्ये मोडतं, त्याचे तुकडे लिव्हरच्याच प्रथिनांना चिकटतात आणि क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून लिव्हरवरच तुटून पडते. दुसऱ्यांदा हेच औषध मिळालं तर धोका वाढतो, त्यातही दोन भुलींमधलं अंतर थोडं असेल तर जास्तच. गंभीर हानी साधारण दहा ते पस्तीस हजारांत एखाद्याला, पण जिवावर बेतणारी. रक्तात लिव्हरचे एन्झाइम (लिव्हरला इजा झाली की वाढणारे घटक) थोडे वाढून आपोआप उतरणं मात्र बऱ्याच जणांत दिसायचं.

आताची हुंगायची औषधं वेगळी: आयसोफ्लुरेन लिव्हरमध्ये जेमतेम ०.२ टक्के मोडतं, डेसफ्लुरेन ०.०२. तरी मागे राहणारे तुकडे हॅलोथेनच्याच जातीचे, म्हणून जुनी कावीळ लपवू नका. सेव्होफ्लुरेन २ ते ५ टक्के मोडतं, पण त्यातून तसले तुकडे तयार होत नाहीत.

मग चालू औषधं सांगा: टीबीच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, दारू. आणि गुळवेलीचा काढा! "ते औषध थोडंच आहे" म्हणून तोच सांगायचा राहतो.

सध्या कावीळ असेल तर टाळता येण्याजोगं ऑपरेशन पुढे ढकलतात. एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, सगळ्यांना लागत नाही, डॉक्टरांना ठरवू द्या.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे विनाकारण ताप, मळमळ, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा यावर नजर ठेवा. दिसलं तर पावसाळ्याच्या पाण्यावर ढकलून मोकळं होऊ नका; कावीळ पाण्यानेही होते, पण ते तपासणीतून कळू द्या. डॉक्टरांना भुलीची तारीख आधी सांगा.

आत्याचा जुना कागद काही मिळाला नाही. बाईंनी हॅलोथेन दिलं होतं असंच धरून कमरेत सुई देऊन ऑपरेशन केलं. आता तिच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनने लिहिलंय: "भुलीनंतर कावीळ झाली होती. आधी हे वाचा."