सेकंड हँड कॅम्पर घेताय? टोकन द्यायच्या आधी इन्शुरन्सचं बघा

कॅम्पर बघायला गेलं की आपण सगळे तेच करतो, आत शिरायचं, बेडवर आडवं पडून बघायचं, नळ सोडून बघायचा, शेगडी पेटते का बघायची. मीही नाशिकला जाऊन तेच केलं, सात वर्षं जुनी फोर्स ट्रॅव्हलर, आतून मस्त बनवलेली, भाव पण बरा. आरसीचा फोटो काढून घेतला आणि घरी येऊन निवांत चहा पिताना बघितला तर व्हेइकल क्लासपुढे बस आणि सीटिंग कपॅसिटी १३. म्हणजे आत दोन बेड, किचन, टॉयलेट आणि कागदावर अजून १२ पॅसेंजर आणि ड्रायव्हर!

आता यात इन्शुरन्सचा काय संबंध, तर सगळा संबंध इथेच आहे. थर्ड पार्टीचा प्रीमियम कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, सगळीकडे एकच. २०२२ च्या जूनपासूनचे रेट बघा, प्रायव्हेट कार १५०० सीसीच्या वर असेल तर वर्षाला ७,८९७ रुपये. आणि सहापेक्षा जास्त पॅसेंजर नेणारी गाडी असेल तर १४,३४३ आणि वर दर पॅसेंजरमागे ८७७. १२ पॅसेंजर धरले की झाले २४,८६७. वर १८ टक्के जीएसटी. दरवर्षी! आणि यात तुमच्या गाडीला काही झालं तर एक रुपया मिळत नाही, हे फक्त समोरच्यासाठी.

म्हणून पहिलं काम हे की आरसीवर काय लिहिलंय ते बघा. वाहन पोर्टलवर नाहीतर एमपरिवाहन अॅपवर नंबर टाकला की क्लास, सीट, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे, बरंचसं दिसतं. तुम्हाला हवं ते म्हणजे मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन प्रायव्हेट यूज. ते नसेल तर विकणाऱ्यालाच सांगा की बाबा आधी आरटीओतून चेंज करून दे, मग पैसे घे. गाडी पिवळ्या पाटीची असेल तर परमिट सरेंडर करणं, टॅक्सचा फरक भरणं हे पण आलं. मोटर व्हेइकल अॅक्टचं कलम ५२ आहे, गाडीत असा मोठा बदल करायचा तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं, आणि त्या वेळी विकणारा फोन उचलत नाही हे वेगळं सांगायला नको. फॅक्टरीतून किंवा मान्यताप्राप्त बिल्डरकडून एआयएस-१२४, म्हणजे कॅराव्हॅनच्या सरकारी मापदंडाप्रमाणे बनलेली असेल तर ही कटकटच नाही, त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी द्या, माझं स्पष्ट मत आहे.

मी नाशिकवाल्याला दीड महिना थांबवलं, तो वैतागला, पण आरसी बदलून आली.

दुसरं, मालक बदलताना जुन्या पॉलिसीचं काय होतं. बरेच जण म्हणतात इन्शुरन्स चालू आहे ना, मग झालं. अर्धं खरं आहे ते. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर आपोआप तुमच्याकडे येतो, पण ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, तो भाग कंपनीने तुमच्या नावावर करून दिल्याशिवाय तुमचा नाही. १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यायचा. मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आरटीओत देताना त्याच दिवशी एक कॉपी घेऊन इन्शुरन्स ऑफिसला पण जाऊन या.

आणि इथे एक गंमत आहे. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. ५० टक्के एनसीबीवाली पॉलिसी बघून खूश होऊ नका, ट्रान्सफर करताना उरलेल्या महिन्यांचा फरक तुमच्याकडून घेतील. पण हेच उलट तुमच्या फायद्याचं आहे, तुम्ही तुमची जुनी कार विकली असेल तर तिचा एनसीबी तुमचाच, कंपनीकडून लेटर घेऊन ठेवायचं, तीन वर्षं चालतं. माझी जुनी कार विकताना ३५ टक्के जमा झालेला, तो इथे लावला. मात्र प्रायव्हेट कारचा बोनस प्रायव्हेटलाच लागतो, बसला नाही. परत आरसीवरच आलं सगळं.

आता आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत. ऑनलाइन कोट काढलात तर साइटला तुमचं किचन बिचन काही माहीत नसतं, तिला फक्त सात वर्षांची ट्रॅव्हलर दिसते. मला आयडीव्ही दाखवला पाच लाखांच्या आसपास, गाडी घेतली होती अकराला. प्रीमियम कमी दिसतो म्हणून लोक ओके करून टाकतात आणि मग गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली की पाच लाख हातात. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचा आयडीव्ही कंपनी आणि तुम्ही बोलून ठरवायचा असतो, त्याला पक्का तक्ता नाही. कन्व्हर्जनची बिलं, फोटो, लायसन्सवाल्या सर्व्हेयरचा व्हॅल्युएशन रिपोर्ट घेऊन बसा. बिलं विकणाऱ्याकडून टोकनच्या वेळीच मागून घ्या.

सोलर पॅनल, लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज, हे वेगळं लिहून द्यावं लागतं, इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीज म्हणून, जुन्या टॅरिफप्रमाणे किमतीच्या ४ टक्के लागतात आणि बऱ्याच कंपन्या अजून तेच धरतात. लोक इथे पैसे वाचवतात आणि मग काय होतं ते ऐका. ओळखीतल्या एकाची गाडी गुहागरला नारळाखाली लावलेली. रात्री झावळी नाही, नारळांची अख्खी पेंड पडली छपरावर. फायबरचं छप्पर तडकलं, रूफलाइट फुटला, सोलर पॅनलच्या काचेचं जाळं झालं. लेबर सोडून पार्टचं बिल १,१२,०००. सर्व्हेयर शिडीवर चढला, बोटाने छप्पर टकटक करून बघितलं आणि खाली येऊन हिशेब मांडला. फायबरचे ६०,०००, त्यातून ३० टक्के घसारा वजा, ४२,००० राहिले. प्लॅस्टिकचा रूफलाइट १४,०००, त्यातून निम्मे गेले, ७,०००. पॅनल ३८,००० चं, पॉलिसीत नावच नाही, शून्य. वर क्लेममधून कापायचे ठरलेले कम्पल्सरी २,००० कापले. हातात ४७,०००. पॅनल लिहून द्यायला वर्षाला दीड हजार लागले असते.

तो घसारा टाळायला झिरो डेप असतं पण ते साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला देतात, काही जण सातपर्यंत. जुन्या कॅम्परला बहुतेक मिळणार नाही, पत्र्यालाही पाच ते दहा वर्षांच्या गाडीवर ४० टक्के कापतात, हे धरूनच चाला.

प्रीमियम खरंच कुठे कमी होतो मग? ओन डॅमेजवर, घासाघीस तिथेच चालते. तीन-चार कोट घ्या आणि एकाचा दुसऱ्याला दाखवा. व्हॉलंटरी डिडक्टिबल घेतलं, म्हणजे पहिले इतके रुपये मी भरीन, तर सूट मिळते, पण डिडक्टिबल १५,००० घेऊन सूट अडीच हजारच मिळत असेल तर विचार करा, कॅम्परला छोटे मोठे ओरखडे फार पडतात. मी घेतलं नाही. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या मेंबरला ५ टक्के सूट आहे पण कमाल २०० रुपये, एक थाळी येते त्यात. १५ लाखांचा पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर तुमच्या कारवर आधीच असेल तर इथे परत घेऊ नका, एजंट न विचारता टाकतात.

ऑनलाइन नाही जमलं तर घाबरू नका, बहुतेक जमणारच नाही. न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड, नॅशनल या चार सरकारी कंपन्यांच्या मोठ्या ऑफिसात फाइल घेऊन जाऊन बसा, प्रायव्हेटवाल्यांना गाडी इन्स्पेक्शनला दाखवा. एका एजंटने माझी गाडी बसमध्ये टाकली, दुसऱ्याने स्पेशल टाइपमध्ये, तिसऱ्याने आरसी नीट वाचून प्रायव्हेटमध्ये. गाडी तीच!

पावसाळ्यात गाडी उभी असते म्हणून पॉलिसी लॅप्स होऊ देणारे पण बघितलेत. ९० दिवस उलटले की एनसीबी गेला, परत इन्स्पेक्शन आलं, आणि रस्त्यावर पकडलं तर पहिल्यांदा २,००० दंड, नंतर ४,०००. झाडं तर उभ्या गाडीवरच पडतात.

भाड्याने द्यायचा विचार असेल तर प्रायव्हेट पॉलिसीवर अजिबात नको, मित्राच्या मित्राला डिझेल आणि थोडे पैसे घेऊन दिली तरी ते भाडंच. महाराष्ट्राची २०२१ ची कॅराव्हॅन पर्यटन पॉलिसी आहे, धंदा करायचा तर त्या रस्त्याने कमर्शियल करा. लायसन्सचं टेन्शन मात्र घेऊ नका, ७,५०० किलोच्या आतली गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये परत तेच सांगितलंय. ग्रॉस वजन आरसीवर बघून घ्या. आणि क्लेम अडवला तर आधी कंपनीला लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग इन्शुरन्स ओम्बुड्समन, म्हणजे विमा लोकपाल, मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

माझा शेवटचा हिशेब सांगतो. पहिला कोट बसमध्ये, ६१ हजार आणि वर काही, त्यात अॅक्सेसरीज नाहीतच. शेवटी ओन डॅमेज १,२०,००० च्या अॅक्सेसरीज धरून २६,०००, त्यावर ३५ टक्के एनसीबी जाऊन १६,९००, थर्ड पार्टी ७,८९७, जीएसटी धरून २९,२६०. आयडीव्ही अकरा लाख. नाशिकवाल्याला पेढे पाठवले, दीड महिना थांबला बिचारा.