विल्यम मार्शलची वंशावळ मांडायची तर कागद आडवा घ्या

मी तीस वर्षं तलाठी होतो. वारस नोंदींचा हात बसलेला, त्यामुळे कुठलंही घराणं समजून घ्यायचं तर आधी वंशावळ मांडतो. मुलाकडे इंग्लंडमधल्या रेडिंगला गेलो होतो तेव्हा कळलं, की जवळच्याच कॅव्हरशॅमला १४ मे १२१९ रोजी विल्यम मार्शल हा तिथला गाजलेला सरदार वारला. मग काय, त्याचीच मांडायला बसलो.

पहिला कागद मी सवयीनं उभा घेतला आणि तो वाया गेला. तुम्ही आडवाच घ्या, कारण या घराण्याचा पसारा मुलींकडून आहे.

वर बाप जॉन. ११५२ साली न्यूबरीच्या वेढ्यात त्यानं लहानग्या विल्यमला राजा स्टीफनकडे ओलीस दिलं आणि शब्द मोडला. राजानं पोराला फाशी देऊ म्हटल्यावर जॉन म्हणाला म्हणे, याहून चांगली पोरं घडवायला ऐरण आणि हातोडा माझ्याकडे आहेत. राजाला दया आली, पोर वाचलं. धाकटी पाती, त्यामुळे वडिलार्जित जमीन नाही. घोडेस्वार सरदारांच्या झुंजींच्या स्पर्धा आणि लढाया गाजवून विल्यम पुढे आला.

विल्यमशेजारी इझाबेल द क्लेअरचं नाव त्याच्याइतकंच ठळक लिहा. आपल्या वंशावळीत बायकोचं माहेर कोणी लिहीत नाही; इथे लिहावंच लागतं. बाप रिचर्ड उर्फ स्ट्राँगबो, आई इफा ही आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची मुलगी. वेल्समधलं चेपस्टो आणि लेन्स्टर इझाबेलचे. ११८९ मध्ये लग्न झालं तेव्हा हा चाळिशी ओलांडलेला, ती विशीच्या आतली. ११९९ मध्ये तो वेल्समधल्या पेम्ब्रोकचा अर्ल, म्हणजे मोठा उमराव, झाला. जॉन राजा मेल्यावर १२१६ पासून नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या नावानं राज्य यानंच चालवलं, पण कारकीर्द वंशावळीत मावत नाही. दोन ओळी लिहून खाली उतरा.

आता पाच मुलगे: विल्यम, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर, अँसेल्म. प्रत्येकापुढे मयत साल टाका: १२३१, १२३४, १२४१, १२४५, १२४५. एकालाही औरस संतती नाही. शेवटचे दोघे तर महिन्याभराच्या अंतरानं गेले. आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपची जमीन मार्शलनं दाबली होती, त्याचा शाप भोवला असं त्या काळी सांगत. तो समासात लिहा. शापाची नोंद घेता येत नाही.

खरा फेरफार इथून पुढे. १२४७ मध्ये वाटप झालं ते पाच मुलींच्या नावानं. आमच्या सातबाऱ्यावर बहिणी बहुतेकदा 'इतर हक्कात' पडायच्या, पण इथे मुलगे संपल्यावर मुली सरळ मालक. मेलेल्या मुलीचा हिस्सा तिच्या मुलांना. लेन्स्टरचे असे भाग पडले: मॉडला कार्लो, इझाबेलला किल्केनी, सिबिलला किल्डेअर, ईव्हाला लीश, जोनला वेक्सफर्ड. मार्शलपद, म्हणजे राजदरबारातला वंशपरंपरेचा हुद्दा, मात्र तोडता येत नाही, ते थोरल्या मॉडकडे आणि तिच्याकडून बिगॉड घराण्यात गेलं.

सिबिलखाली भरपूर जागा सोडा. तिला सात मुली, म्हणजे किल्डेअरचे सात पोटहिस्से. इतके पोटहिस्से पाहिले की मला अजूनही मोजणीदार आठवतो.

नावांचा गोंधळ टाळायला प्रत्येक बाईपुढे नवऱ्याचं नाव घाला. इझाबेल आईही आहे, मुलगीही, नातही. जोनच्या मुलीचंही नाव जोनच. तिच्या नवऱ्याकडे, विल्यम द व्हॅलेन्सकडे, पुढे पेम्ब्रोक आलं.

नात इझाबेल ब्रूस घराण्यात दिली. तिचा नातू रॉबर्ट १३०६ मध्ये स्कॉटलंडचा राजा झाला. तिथे माझा आडवा कागदही संपला, उजवीकडे दुसरा चिकटवलाय.