गावातल्या स्मारकाची नोंद: रंग नव्हे, खाच वाचा

१५ ऑगस्ट जवळ आला की चौकातल्या हुतात्मा स्मारकाला ऑइल पेंट लागतो. रंगवणारा खाच चाचपत नाही, दिसेल तसं अक्षर गिरवतो. 'धोंडू'चा 'धोडू' होतो, ९ चा १ होतो आणि पुढच्या वर्षी तोच खरा धरला जातो. म्हणून नोंद कोरलेल्या खाचेची करावी. रंगानं वेगळं लिहिलं असेल तर तेही शेजारी टिपावं.

कुठे बघायचं? नंदुरबारचं शिरीषकुमार आणि त्याच्या चार साथीदारांचं (९ सप्टेंबर १९४२ च्या गोळीबारात हुतात्मा) स्मारक सगळ्यांना ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी पंचायत समितीच्या आवारात स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षातला, म्हणजे १९७२ चा स्तंभ शोधा. एका अंगाला संविधानाची उद्देशिका, दुसऱ्या अंगाला स्वातंत्र्यसैनिकांची नावं असतात. जुनी शाळा, चावडी, वेस बघताना १९१४-१९ च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे का, तेही पाहा. तिच्यावर बहुधा फक्त गावातून किती गेले आणि किती मेले एवढंच असतं. नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीत शोधावी लागतात.

सामान थोडंच लागतं: मीटर टेप, मऊ ब्रश, साधं पाणी, टॉर्च, वही. काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान करा. वैशाखात काळा दगड इतका तापतो की हात टेकवत नाही, आणि तापल्या दगडावर गार पाणी कधीच ओतू नये.

फोटो भर दुपारी काढू नका. समोरून ऊन पडलं की उथळ अक्षर सपाट दिसतं. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. कॅमेरा न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो घ्या. एका उजेडात हरवलेली वेलांटी दुसऱ्यात सापडते. शेवटी टेप लावून एक फोटो घ्या. अक्षर दिसावं म्हणून खडू, पीठ, हळद चोळण्याची सवय मात्र वाईट. तुम्ही खाच भरत नाही, तुमचा अंदाज भरता, आणि तो पुढच्याला खरा वाटतो. तारेचा ब्रश आणि ॲसिड दगडाला लावूच नका. संगमरवर ॲसिडनं खाल्ला जातो. चुन्याचा थर असेल तर ओला करून बांबूच्या कामटीनं हलकेच सोडवा, तेही मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, खालून वर वाचावी: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतात, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गाई असतील तर लढाई गुरांसाठी झाली. शेंदूर खरवडू नका, तो गावाचा देव आहे. लांबी, रुंदी, जाडी सेंटीमीटरमध्ये मोजा.

मजकूर ओळीला ओळ उतरवा. चूक दुरुस्त करू नका. संशयाचं अक्षर चौकटी कंसात लिहा, गेलेल्या प्रत्येक अक्षराला एक टिंब द्या. दोघांनी वेगवेगळं वाचून मग ताडून पाहावं. शकात ७८ मिळवले की बहुतेकदा इसवी सन येतं, पण संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव सोडू नका. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण आहे. बेरजेनं १२०६ येतं, प्रभव मात्र १२०७ मध्ये पडतो. म्हणून ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख धरतात. भास्कराचार्यांच्या नातवानं तिथं काढलेल्या मठाचा काळ एका संवत्सराच्या नावानं ठरला.

रस्ता रुंद झाला की दगड हलतात. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा: "हाऊ दगड पयले कोठे व्हता?" (अहिराणीत: हा दगड आधी कुठे होता?) उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. जीपीएसचे आकडे दशांशाच्या पाच घरांपर्यंत टिपा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला. फोटोंच्या फाइलींना गाव, जागा, तारीख अशी नावं ठेवा, कारण 'स्मारक१' नावाची फाइल दोन वर्षांनी कुठल्या गावची हे कुणालाच सांगता येत नाही.