एआय एजंटला तुमच्या टूलचं वर्णन कळतंय का? असं तपासा

‘ग्राहकाला ५०० रुपये परत कर’ असं एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगितलं. त्याने रिफंडच्या टूलला, म्हणजे पैसे परत करण्यासाठी त्याला जोडून दिलेल्या फंक्शनला, ५०० हा आकडा दिला आणि ग्राहकाच्या खात्यात पाच रुपये जमा झाले. टूलमध्ये बिघाड नव्हता, एजंटमागच्या भाषा-मॉडेलनेही वेडेपणा केला नव्हता. टूल कसं वापरायचं हे एजंटला सांगणाऱ्या वर्णनात ‘अमाउंट: रिफंडची रक्कम’ एवढंच लिहिलं होतं. रेझरपेसारख्या पेमेंट सेवांत रक्कम रुपयांत नाही, पैशांत द्यावी लागते, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५०,०००. रोज हेच काम करणाऱ्याला ते पाठ असतं, म्हणूनच लिहायचं राहून जातं.

तपासणीची सुरुवात एजंटला जेवढं दिसतं तेवढंच बाजूला काढण्यापासून करा. एजंटला टूल्स जोडायची एक ठरलेली पद्धत आहे: एआय कंपनी ॲन्थ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी. त्यात टूल्स पुरवणाऱ्या सर्व्हरकडे टूल्सची यादी मागितली की प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा) मिळतो. तो मजकूर कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा. कोड, रीडमी (सोबतची माहितीची फाइल), टीमच्या चॅटमधला खुलासा यातलं काही एजंटपर्यंत पोचत नाही. ही फाइल शेजारच्या टीममधल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा: हे कधी वापरशील, कधी वापरणार नाहीस, परत काय मिळेल? तो ‘बहुतेक’ म्हणाला की तिथे खूण करा. स्वतःच लिहिलेलं स्वतः तपासू नका. आपल्या डोक्यातला अर्थ आपल्याला कागदावरही दिसायला लागतो.

मग एकेक पॅरामीटर, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीचा एकेक रकाना, घ्या. एकक लिहिलंय का? ‘स्टेटस’मध्ये ठरावीकच मूल्यं चालत असतील तर ती स्कीमातच बांधून टाकलीत का? ‘आयडी’ म्हणजे ग्राहकाचा की ऑर्डरचा? तारखेवर जरा जास्त थांबा. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. ‘वर्ष-महिना-दिवस’ असा क्रम सांगून एक नमुना दिला की प्रश्न मिटतो. मराठीत बोलणारे ग्राहक असतील तर आणखी एक गंमत आहे: ‘परवा’. ‘परवाची डिलिव्हरी’ म्हणजे होऊन गेलेली की व्हायची, हे क्रियापद आल्याशिवाय आपल्यालाही कळत नाही. नुसतं ‘परवाची डिलिव्हरी दाखव’ म्हटल्यावर एजंटने उलट विचारावं की दोन्ही दिवस शोधावेत, हे तुम्ही ठरवा आणि लिहून ठेवा.

यानंतर जोड्या लावा. ‘गेट_ऑर्डर’, ‘सर्च_ऑर्डर’ आणि ‘फेच_ऑर्डर_डिटेल्स’ अशी तिघं भावंडं एकाच यादीत असली की घोळ ठरलेला. तिन्ही वर्णनं एकाखाली एक ठेवून वाचा. फरक एका वाक्यात सांगता आला तर तो वर्णनात घाला: ‘ऑर्डर नंबर माहीत असेल तरच हे वापरा, नाव किंवा फोनवरून शोधायचं असेल तर सर्च_ऑर्डर वापरा.’ फरक सांगताच येत नसेल तर दुखणं वर्णनात नाही, टूलं कमी करायला हवीत.

आता खरी परीक्षा. माणसं बोलतात तशी २०-३० वाक्यं लिहा. ‘सर्च_ऑर्डर वापरून ऑर्डर शोध’ असलं वाक्य म्हणजे पेपर फोडल्यासारखंच. ‘अहो, माझं पार्सल अजून आलं नाही’ असं लिहा. प्रत्येक वाक्यासमोर कोणतं टूल हवं आणि कोणती मूल्यं जायला हवीत ते आधीच नोंदवा. पाच-सहा वाक्यं अशी ठेवा की टूलची गरजच नाही, आणि काही अशी की माहिती अपुरी आहे. दिसेल त्या बटणाला हात लावणारा एजंट फक्त इथेच पकडला जातो. मॉडेलं टूल्स किती बरोबर वापरतात याची क्रमवारी लावणाऱ्या बर्कलेच्या फंक्शन कॉलिंग लीडरबोर्डमध्येसुद्धा गैरलागू प्रश्नावर मॉडेल गप्प राहतं का, हे वेगळं मोजतात.

प्रत्येक वाक्य निदान पाच वेळा चालवा, कारण मॉडेल दर वेळी तेच करेल याची खात्री नसते. टूल बरोबर निवडलं का आणि मूल्यं बरोबर भरली का, याचे रकाने वेगवेगळे ठेवा. टूल चुकलं तर नाव आणि वर्णन बघा, मूल्य चुकलं तर पॅरामीटर. दोन्ही एकाच ‘पास-नापास’मध्ये कोंबलं तर दुरुस्ती कुठे करायची ते कळत नाही.

दुरुस्ती एका वेळी एकच करा आणि सगळी वाक्यं पुन्हा चालवा. एका टूलचं वर्णन ठसठशीत केलं की ते शेजारच्या टूलचं गिऱ्हाईक पळवतं, हे हमखास दिसतं. सात-आठ वाक्यं मात्र शेवटच्या चाचणीपर्यंत झाकून ठेवा, नाहीतर वर्णन त्याच वाक्यांच्या मापाचं शिवलं जाईल. आणि वर्णन लांबवत सुटू नका. सगळ्या टूलांचा मजकूर मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित मजकुरात, जागा खातो.

दुसऱ्याचा सर्व्हर जोडत असाल तर वर्णन संशयानेही वाचा. ‘हे वापरण्याआधी अमुक फाइल वाचून इथे पाठव’ अशी सूचना वर्णनात दडवता येते आणि एजंट ती इमानेइतबारे पाळू शकतो. ‘फक्त वाचतं’, ‘डेटा पुसू शकतं’ अशा खुणा एमसीपीत देता येतात, पण त्या सर्व्हरवाल्याने स्वतःच लावलेल्या असतात. पैसे परत करणारं किंवा नोंदी पुसणारं टूल असेल, तर ते चालण्याआधी माणसाची परवानगी लागेल अशीच सोय ठेवा.