परदेशात इंग्रजी शिकवायचंय? कोर्सचे पैसे भरण्याआधी या चुका टाळा

पुण्यात इंग्रजी शिकवणाऱ्यांचा तुटवडा नाही. आयईएलटीएसवाले, स्पोकन इंग्लिशवाले, शाळेतले बीएड झालेले टीचर, आणि यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात कधी ना कधी येतंच की चला व्हिएतनाम नाहीतर थायलंडला जाऊन शिकवू, पैसेही मिळतील आणि फिरणंही होईल. विचार चांगलाच आहे, पण लोक करतात काय, आधी इंग्रजी शिकवायला शिकवणाऱ्या एखाद्या सर्टिफिकेट कोर्सची फी भरतात आणि मग आपल्याला कुठला देश घेईल ते शोधत बसतात. क्रम उलटा पाहिजे. आधी देश ठरवा, मग तिथला व्हिसा बघा, कोर्स सगळ्यात शेवटी.

कारण कोर्स विकणाऱ्यांची बरीचशी माहिती अमेरिकन नाहीतर ब्रिटिश पासपोर्टवाला वाचणार असं धरून लिहिलेली असते. कोरियाचंच घ्या, तिथला इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात ७ देशांच्या लोकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, साउथ आफ्रिका. भारताचा कोरियाशी सीपा हा व्यापार करार २०१० पासून लागू आहे, त्यातून आपल्या लोकांसाठी असिस्टंट टीचर म्हणून एक वाट आहे, पण तिथे शिक्षकाची रीतसर पात्रता मागतात, महिनाभराच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर काम भागत नाही. चीनमध्ये वर्क परमिटसाठी साधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचाच पासपोर्ट बघतात. जपानमध्ये बऱ्याच कंपन्या नॉन-नेटिव्ह माणसाकडे १२ वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा मागतात, म्हणजे दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून पुढे विद्यापीठातून इंग्लिशमध्ये एमए केलेली मुलगी तिथे अडकू शकते, मग तिचं इंग्रजी कॉन्व्हेंटवाल्यांपेक्षा कितीही सरस असो. मला तरी हे अन्यायाचं वाटतं, पण व्हिसाच्या खिडकीवर भांडून काही होत नाही.

म्हणून इन्स्टिट्यूटला पहिला मेल फीबद्दल करू नका. एवढंच विचारा की गेल्या वर्षभरात भारतीय पासपोर्टवाले तुमचे किती विद्यार्थी नोकरीला लागले, कुठल्या देशात आणि कुठल्या व्हिसावर. आकडा आणि देश सांगितला तर पुढे बोला. "अवर स्टुडंट्स वर्क ऑल ओव्हर द वर्ल्ड" असं उत्तर आलं तर काय समजायचं ते तुम्हाला कळलंच असेल.

दुसरी गडबड नावांची. टेफल किंवा टेसॉल म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवणं, आणि हे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. उद्या कोथरूडच्या वन बीएचकेमध्ये बसून कोणीही "इंटरनॅशनल अमुकतमुक अकॅडमी" काढू शकतो आणि मेहुण्याच्या नावाने दुसरी संस्था काढून तिच्याकडून अ‍ॅक्रेडिटेशनही घेऊ शकतो. जगभर जी दोन नावं चटकन ओळखली जातात ती म्हणजे केंब्रिजचं सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्टटेसॉल. सेल्टा साधारण १२० तासांचं, ट्रिनिटीचं किमान १३०, आणि दोन्हींत ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं असतं, मागे ट्रेनर बसून बघत असतो. ट्रिनिटीत तर तुम्हाला स्वतःला न येणारी एखादी भाषा ४ तास शिकवतात, वर्गात कोऱ्या पाटीने बसलेल्या माणसाला काय वाटतं ते कळावं म्हणून. मला हा प्रकार फार आवडतो.

"१२० तास" हा आकडा मात्र आता सगळेच छापतात, तीन-चार हजारांच्या ऑनलाइन कोर्सवरही तोच असतो. तासांवर जाऊ नका. तसंच "लेव्हल ५" चं. ऑफक्वाल म्हणजे ब्रिटनमधली परीक्षा आणि सर्टिफिकेटांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या रजिस्टरमध्ये नाव सापडलं म्हणजे क्वालिफिकेशन खोटं नाही एवढं कळतं, पण लेव्हल फक्त अभ्यास किती अवघड आहे ते सांगते, वर्गात उभं राहून शिकवावं लागतं की नाही ते सांगत नाही. सेल्टा लेव्हल ५ आहे आणि एकही विद्यार्थी न बघता पूर्ण होणारे काही ऑनलाइन डिप्लोमेही लेव्हल ५ आहेत.

तुम्ही खरे पैसे मोजता ते या प्रॅक्टिससाठी. आपल्याकडे वर्षानुवर्षं शिकवणारेही तिथे पहिल्या दोन लेसनमध्ये गडबडतात, कारण आपली सवय फळ्याकडे तोंड करून समजावून सांगण्याची. समजा "आय हॅव लिव्हड इन पुणे फॉर टेन इयर्स" हे वाक्य शिकवायचंय. आपण नियम सांगतो, फळ्यावर फॉर्म्युला लिहितो आणि विचारतो "अंडरस्टूड?", सगळा वर्ग मान डोलावतो आणि आपण खूश. ट्रेनर नंतर विचारतो की मुलांना समजलं हे तुला कसं कळलं? त्याऐवजी विचारायचं असतं, हा माणूस अजून पुण्यात राहतो का? राहायला कधी आला? आता दुसरीकडे गेलाय का? मग वर्गातले दोघं म्हणतात राहतो, एक म्हणतो सोडून गेला, आणि तेव्हा कळतं की अर्ध्या वर्गाला काहीच समजलेलं नव्हतं. हे व्हिडिओ बघून येत नाही, कोणीतरी मागे बसून तुमचं बघावं लागतं. म्हणून विचारा की प्रॅक्टिसला बाहेरचे विद्यार्थी असतात का, की कोर्सवालेच एकमेकांसमोर विद्यार्थी बनून बसतात. दुसरं असेल तर तिथे फी भरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

अजून एक खूण, सेल्टाला अर्ज केला की आधी लेखी टास्क आणि इंटरव्ह्यू असतो, इंग्रजी चांगलं पाहिजे, युरोपियन स्केलवर सी२ (सगळ्यात वरची पायरी) किंवा निदान वरचं सी१. जिथे कार्ड स्वाइप केल्यावर पाच मिनिटांत अ‍ॅडमिशन मिळते तिथे गाळणी नाहीये.

कोर्स परदेशात जाऊनच करायचा का? गरज नाही. सेल्टा २०२० पासून पूर्ण ऑनलाइनही करता येतं. ज्या देशात नोकरी हवी तिथेच जाऊन केला तर वर्गात तिथलीच मुलं मिळतात, इंटरव्ह्यू समोरासमोर देता येतात, हा फायदा आहेच. पण टुरिस्ट म्हणून जाऊन कोर्स संपल्यावर तिथेच शिकवायला लागणं बेकायदा आहे, "सगळे असंच करतात" असं कोणी म्हणालं तरी. आणि फुल टाइम कोर्स ४ आठवड्यांचा असतो, ४ लेखी असाइनमेंट आणि रोजचं लेसन प्लॅनिंग, नोकरी सांभाळून होत नाही, त्यासाठी पार्ट टाइम बॅच बघा. ऑनलाइन करणार असाल आणि घर पेठेत असेल तर गणपतीचे दहा दिवस टाळा, खाली ढोल वाजतायत आणि तुम्ही माइक अनम्यूट करून प्रोनन्सिएशन घेताय असं नको.

आता "कोर्स प्लस गॅरंटीड जॉब" पॅकेज. इथे सावध. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली रजिस्ट्रेशन लागतं, ते सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर नाव टाकून तपासता येतं, आणि नोकरी लावून देण्याबद्दल तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. बरेच कन्सल्टंट म्हणतात आम्ही फक्त कोर्स विकतो, जॉब "असिस्टन्स" आहे. मग पावतीवर आणि करारात गॅरंटी हा शब्द लिहून द्यायला सांगा, बघा चेहरा कसा होतो.

कागदपत्रांकडे लोक शेवटी बघतात आणि तिथेच महिने जातात. डिग्रीचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का), तो शिक्का मानणाऱ्या हेग करारात देश नसेल तर एम्बसीच्या चकरा, पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून. त्यात आपली नावं. विद्यापीठाच्या कागदावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नानंतर मधलं नाव बदललेलं, आणि कोर्सवाल्यांनी तिसरंच काहीतरी छापलेलं. कोर्सच्या फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, स्पेलिंगसकट भरा.

आणि पैसे आधीच भरून झाले असतील तर? विकणारा इथला असेल आणि सांगितलं एक, दिलं भलतंच, तर सगळे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ब्रोशर आणि पावती एकत्र करून आधी लेखी रिफंड मागा, नाही दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. विकणारा परदेशातला असेल आणि कार्डने भरले असतील तर लगेच बँकेकडे डिस्प्यूट टाका, त्याला मुदत असते. कोर्स खरा आहे पण प्रॅक्टिस नाही असं असेल तर तो फुकट गेला असं नाही, थिअरी म्हणून पूर्ण करा, काही देशांतल्या काही शाळांना तेवढं चालतंही. तोपर्यंत आपल्याच क्लासमधल्या एखाद्या सिनियरला दर शनिवारी मागे बसून लेसन बघायला सांगा आणि त्यांनी काढलेल्या चुका वहीत लिहून ठेवा. पुढे सेल्टाचा अर्ज केलात तर इंटरव्ह्यूत त्यातलं सांगता येईल.