सिंकखालचा डिस्पोजर: आधी पाइप बघा, मग मोटर

फूड वेस्ट डिस्पोजर, म्हणजे सिंकखाली बसून खरकटं दळणारं यंत्र, घ्यायला गेलं की दुकानात बोलणं हॉर्सपॉवरपासून सुरू होतं. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये मात्र तो चालणार की तुंबणार, हे सिंकखालचा पाइप ठरवतो. म्हणून आधी सिंकखालचं कपाट उघडा.

बऱ्याच घरांत सिंकचं पाणी वळ्यावळ्यांच्या लवचिक पाइपातून नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीच्या मोरीत) पडतं. डिस्पोजरला या दोन्ही गोष्टी चालत नाहीत. दळलेला लगदा त्या वळ्यांत बसतो, उरलेला ट्रॅपच्या जाळीवर साचून कुजतो. दीड इंची, आतून गुळगुळीत, कडक पीव्हीसी पाइप आणि पी-ट्रॅप (थोडं पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप) बसवून थेट सांडपाण्याच्या उभ्या पाइपला जोड द्या. आडव्या पाइपला मीटरमागे अडीच सेंटीमीटर उतार हवा. डिस्पोजर बसला की पाणी बाहेर पडण्याची जागा बरीच खाली येते. भिंतीतल्या पाइपाचं तोंड तिच्याहून वर असेल तर पाणी यंत्रातच तुंबून राहतं, त्यामुळे खरेदीआधी हे माप घ्याच. बंगल्याला सेप्टिक टँक असेल, तर डिस्पोजर न घेतलेलाच बरा. टाकीत गाळ फार लवकर भरतो.

सिंकचं भोक साधारण 90 मिमी लागतं. मोठं असेल तर अडॅप्टर रिंग लागेल. चार माणसांच्या घराला 0.75 हॉर्सपॉवर पुरतो, दळणाचा भाग स्टेनलेस स्टीलचा असावा. अमेरिकेतून 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं यंत्र आणू नका. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, पण आपल्या विजेचे हर्ट्झ 50च राहतात आणि मोटर तापते. अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट द्या. ओल्या हाताने दाबायचा म्हणून एअर स्विच (हवेच्या दाबाने चालणारं, आत वीज नसलेलं बटण) उत्तम.

वापरताना क्रम मोडू नका: आधी गार पाण्याचा नळ पुरता सोडा, मग यंत्र सुरू करा, मग खरकटं थोडं थोडं टाका. दळण्याचा आवाज थांबला की यंत्र बंद करा आणि पाणी आणखी 15-20 सेकंद वाहू द्या. बादलीतलं पाणी जपून वापरायच्या दिवसांत यंत्र वापरूच नका, कारण लगदा पुढे ढकलणारं पाणीच असतं. गरम पाणीही नको: त्याने तूप-तेल वितळतं आणि पुढे पाइपात गोठून थर धरतं.

आत पाती नसतात. फिरत्या तबकडीवरचे ठोकळे अन्न भोवतालच्या दातेरी कड्यावर घासतात. धागे त्यात कापले जात नाहीत, गुंडाळले जातात. म्हणून शेवग्याचा चोथा, केळीची सालं, मक्याच्या कणसाची पानं, नारळाच्या शेंड्या, कोथिंबिरीची जुडीभर देठं कंपोस्टच्या टोपलीत टाका. आंब्याची कोय, करवंटी, तिसऱ्यांचे शिंपले आणि मटणाची जाड हाडंही नकोत. शिळा भात आणि कणीक दिसायला निरुपद्रवी, पण पाइप तुंबवण्यात सगळ्यांत पुढे: भिजून फुगतात आणि खळ होते. मूठभर भात भरपूर पाण्याबरोबर चालेल, पातेलंभर नाही.

वास आला तर लिंबाच्या साली फिरवण्याआधी तोंडावरच्या रबरी झाकणाची खालची बाजू जुन्या ब्रशने घासा. घाण तिथेच चिकटलेली असते. अधूनमधून बर्फाचे खडे आणि जाडं मीठ फिरवलं की कडं घासून निघतं. नाला मोकळा करणारी कॉस्टिकची पूड मात्र ओतू नका.

यंत्र नुसतं गुणगुणतंय आणि फिरत नाही, म्हणजे काहीतरी अडकलंय. लगेच बंद करून प्लग काढा. बुडाशी मधोमध षट्कोनी खाच असेल तर सोबत आलेली एलन की तिच्यात घालून दोन्हीकडे फिरवा, आणि अडकलेला चमचा किंवा कोय चिमट्याने काढा. हात कधीही घालू नका. दहा मिनिटं थंड होऊ द्या, बुडाचं लाल रीसेट बटण दाबा. आवाजच नसेल तर आधी तेच बटण आणि एमसीबी तपासा. सिंकच्या तोंडाशी गळत असेल तर फ्लँजचे (यंत्र सिंकच्या भोकाला धरणाऱ्या कड्याचे) स्क्रू आवळून किंवा पुट्टी नव्याने लावून भागतं. मोटरच्या बुडातून पाणी टपकलं तर आतलं सील गेलेलं असतं, आणि तेव्हा दुरुस्तीपेक्षा नवं यंत्रच परवडतं.