औषध द्यायचं की थांबायचं? नव्या नर्सेससाठी

वॉर्डात नवं रुजू झाल्यावर सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: औषधं वेळेवर देऊन झाली पाहिजेत. योग्य पेशंट, योग्य औषध, डोस, मार्ग आणि वेळ हे पाच मुद्दे तर पाठच असतात. पण पाचही बरोबर असून औषध चुकीचं ठरू शकतं. ऑर्डर सकाळच्या राउंडला लिहिलेली असते आणि दुपारपर्यंत पेशंटची अवस्था बदललेली असते. तो बदल औषध देणाऱ्यानेच टिपायचा असतो.

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं उदाहरण घ्या. गोळी देण्याआधी छातीच्या डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण 1 मिनिट ठोके मोजायचे. 15 सेकंद मोजून चारने गुणू नका. ठोके अनियमित असले की हा हिशेब फसतो. मोठ्या माणसात ठोके 60 च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. ठोके 72 भरले म्हणजे काम संपलं असंही नाही. पेशंटने जेवण परत पाठवलंय, मळमळतंय म्हणतोय, दिवे पिवळसर दिसतात अशी तक्रार करतोय? मग पोटॅशियमचा रिपोर्ट काढून बघा. सोबत फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर पोटॅशियम उतरतं आणि डिगॉक्सिनचा नेहमीचाच डोस विषारी ठरू शकतो. जेवणाचं ताट, रिपोर्ट आणि चार्ट या तीन ठिकाणच्या गोष्टी एकत्र जोडून बघणं, यालाच आम्ही क्लिनिकल जजमेंट म्हणतो.

इन्सुलिनमधली सर्वांत धोकादायक चूक सिरिंजची. जिथे मि.ली.ला 40 युनिटची आणि 100 युनिटची अशी दोन्ही इन्सुलिनं मिळतात, तिथे व्हायल (औषधाची बाटली) आणि सिरिंज यांच्यावरचा आकडा जुळलाच पाहिजे. 100 च्या व्हायलमधून 40 च्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर ते अर्धा मि.ली. भरतं, म्हणजे 50 युनिट. अडीचपट डोस! म्हणून इन्सुलिन दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्या. तिला तुमचा आकडा आधी सांगू नका; ऑर्डर वाचून तिने स्वतः हिशेब करावा. जेवणाआधीचं इन्सुलिन देताना ताट खरंच येतंय ना आणि पेशंट खाणार आहे ना, हेही विचारून घ्या.

सलाईनचे थेंब अंदाजाने लावू नका. 500 मि.ली. 4 तासांत द्यायचं आहे आणि सेट (सलाईनची नळी) मि.ली.ला 20 थेंबांचा आहे, तर 500 गुणिले 20 भागिले 240, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. सेट 15 थेंबांचा असेल तर 31. सेटच्या पाकिटावर हा आकडा छापलेला असतो.

पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल थेट शिरेत कधीही द्यायचं नाही. हृदय बंद पडू शकतं. ते सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, ठरवून दिलेल्या वेगानेच जातं.

मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध चालू असलेल्या पेशंटकडे बघताना श्वास मोजाच, पण त्याआधी गुंगी बघा. श्वास मंदावण्यापूर्वी बहुधा गुंगी वाढते. बोलता बोलता डोळे मिटत असतील तर श्वास मिनिटाला 14 आहेत म्हणून पुढचा डोस देऊ नका, आधी कळवा.

गिळता येत नाही म्हणून गोळी कुटण्याआधी ती कुटण्यासारखी आहे का, हे फार्मासिस्टला विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

डॉक्टरांना फोन करताना “पेशंट बरा वाटत नाही” एवढंच सांगू नका. “ठोके 52, सकाळी 78 होते, दोनदा उलटी झाली, पोटॅशियम 3.1, डिगॉक्सिन थांबवलंय, पुढे काय करू?” असं सांगा. फोनवर मिळालेली ऑर्डर लिहून घ्या आणि तीच परत वाचून दाखवा. 0.5 लिहिताना टिंबाआधीचं शून्य सोडू नका, आणि 5 ला 5.0 करू नका; टिंब पुसट झालं की 50 वाचलं जातं.

सही औषध दिल्यानंतरच करा, आधी करून ठेवायची नाही. औषध थांबवलं असेल तर चार्टचा रकाना रिकामा ठेवू नका. थांबवल्याची वेळ, कारण, मोजलेला आकडा आणि कोणाला कळवलं ते लिहा. नाहीतर पुढच्या ड्यूटीची नर्स रिकामा रकाना बघून, राहून गेलं असेल म्हणून, तीच गोळी देऊन टाकते.